टाकी आणलीत? मासे जरा थांबू द्या
क्रॉफर्ड मार्केटच्या एकाच फेरीत टाकी आणि मासे दोन्ही आणायचा मोह आवरा. माशांच्या विष्ठेतून विषारी अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट (तेही विषारीच!) आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू जमायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात.

तोवर फिल्टर चोवीस तास चालू ठेवा, रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका. ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांनाही मारतं, म्हणून अँटीक्लोरीन हवंच. पाणी स्वच्छ दिसतंय यावर जाऊ नका. टेस्ट किटवर अमोनिया, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसलं की मासे आणा, तेही थोडेथोडे.

ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला ओला स्पंज मागून आणा. काम लवकर होतं.