दो रुख

"चार आवाज!" सर ओरडतात आणि ओरडतानाच उजव्या हाताची चार बोटं वर करतात. ओरडणं निम्म्यांसाठी, बोटं उरलेल्यांसाठी. हलगी कडाडते, लेझमी खळाळतात. हातातली मोसंबीची फोड तोंडापर्यंत न्यायची मी विसरतो.

जुन्या जालन्यातल्या एका शाळेचं आवार. डिसेंबर नुकता लागलाय, चारचं ऊन तिरपं झालंय. बाहेरच्या रस्त्यावरून लोखंडी सळयांचा ट्रक जातो, त्याचा खडखडाट लेझमीत मिसळतो आणि पुढच्या रांगेतला एक ऐकू येणारा मुलगा हमखास चुकतो. शेजारचा कर्णबधिर मुलगा चुकत नाही. त्याला ट्रकशी काही देणंघेणं नाही. त्याचे अनवाणी पाय कोब्यावर आहेत, ढोल त्याच कोब्यावर ठेवलाय, आणि ढोलाचा घुमारा तळपायातून वर येतो. मी चपला काढून बघतो. खरंच येतो.

सोळा जण, आठ जोड्या. सहा कर्णबधिर मुलं, दोन मुली चाकाच्या खुर्चीत, बाकीची आठ मुलं याच शाळेतली. परवा ३ तारीख, जागतिक दिव्यांग दिन. गावातल्या सभागृहात कार्यक्रम आहे.

चार आवाज, एक जगह, आदि लगाव, पवित्रा. ज्यानं शाळेत लेझीम खेळलीय त्याला ही हिंदी हुकमांची माळ झोपेतही आठवेल. इथवर सगळं ठीक चालतं. अडतं ते 'आगे फलांग'ला. खुर्चीत बसून फलांग टाकायची कशी? आणि त्याआधीचा प्रश्न: लेझमीला दोन हात लागतात, एक लाकडी दांड्याला, दुसरा साखळीतल्या मुठीला. चाकांनाही दोन हात लागतात. हात मात्र दोनच.

पहिल्या आठवड्यात म्हणे सोपा उपाय काढला होता. जोडीदारीण मागून खुर्ची ढकलेल, खुर्चीतली लेझीम वाजवेल. लाल रिबीनवाली मुलगी दोन दिवस तसं खेळली, तिसऱ्या दिवशी तिनं लेझीम मांडीवर ठेवली. "सर, मग नाचतंय कोण? मी का खुर्ची?"

आता जे चाललंय ते मी पुन्हा पुन्हा बघतो. दोघींत एकच लेझीम. उभी असलेली दांडा धरते, बसलेली साखळीची मूठ. एक ओढते, दुसरी सोडते. झांजा दोघींच्या मधल्या हवेत वाजतात. बसलेलीचा डावा हात चाकावर मोकळा. 'दो रुख'ला ती डावं चाक पुढे रेटते, खुर्ची उजवीकडे वळते, आणि लेझीम सुटू नये म्हणून उभीला तिच्याभोवती अर्धा फेर धावावा लागतो. 'आगे फलांग' आली की मूठ क्षणभर जोडीदारणीच्या हातात, दोन्ही तळवे चाकांवर, एक झटका, आणि खुर्ची सरळ दोन हात पुढे. तोवर उभीची उडी संपलेली असते. ती धापा टाकते. खुर्चीतली हसते, "ए, मागं राहू नको गं."

हलगी थांबते. पाणी, भेळ. सर माझ्याशेजारी बाकावर टेकतात. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी 'स्वरानंदवन' पाहिलं होतं. आनंदवनातल्या कलावंतांना घेऊन डॉ. विकास आमटे यांनी २००२मध्ये उभा केलेला तो वाद्यवृंद. त्यात गाणी असतात, नाचही असतात. "मी रडलो होतो तेव्हा," सर म्हणतात, आणि थोडं थांबून, "पण रडताना ठेका बघायचा राहिला ना."

मला सुधा चंद्रन आठवतात. १९८१चा अपघात, गेलेला पाय, जयपूर फूट, १९८४मध्ये पुन्हा रंगमंच, पुढे स्वतःच्याच आयुष्यावरच्या 'मयूरी'त स्वतःचीच भूमिका. मोठीच गोष्ट. पण ती एकटीनं जिंकलेली लढाई होती. भरतनाट्यम् होतं तिथंच राहिलं, त्या त्याच्यापर्यंत पोचल्या. इथं लेझीमच जागची हललीय. लंडनमध्ये १९९१ साली सुरू झालेल्या 'कॅन्डोको' या नृत्यसंस्थेत अपंग आणि बिगरअपंग नर्तक एकत्र नाचू लागले. या मुलांनी ते नाव ऐकलेलं नाही; त्यांचा प्रश्न परवाच्या फलांगेचा आहे.

आणि परवाच्या पायऱ्यांचा. सर सकाळी सभागृह बघून आलेत. मंचाला पाच पायऱ्या, उतरण नाही. सार्वजनिक इमारतींत सर्वांना जाता यावं हे २०१६च्या कायद्यात लिहिलंय. पायऱ्यांनी तो वाचलेला नाही. दोन दांडगी मुलं लगेच बाह्या सरसावतात, "आम्ही उचलतो की खुर्च्या."

"मला नाही उचलायचं," लाल रिबीन.

कोणी काही बोलत नाही. एक कर्णबधिर मुलगा काय झालं म्हणून भुवया उंचावतो. जोडीदार त्याला हातानं पायऱ्या करून दाखवतो, मग खुर्ची, मग ठळक नकार. तो विचार करतो आणि तळहात पालथा करून सावकाश खाली आणतो. सगळ्यांनीच खाली.

"मंचासमोर मोकळी जागा आहे," सर पुटपुटतात. "पण तिथं पाहुण्यांचे सोफे असतात."

खडू येतो. सर कोब्यावर नवा चौकोन आखतात, आधीपेक्षा बराच अरुंद. त्याच्या कडेला मी बसलोय तो बाक. हा म्हणजे सोफा. ढोल सुरू. चार आवाज, एक जगह, आदि लगाव, पवित्रा, दो रुख. खुर्ची वळते आणि मागचं चाक खडूच्या रेघेबाहेर वीतभर येतं, माझ्या गुडघ्याला घासून थांबतं. जोडीदारीण लेझीम ताणून तशीच उभी.

लाल रिबीन माझ्याकडे बघते. "काका, उठा जरा."

मी मोसंबी घेऊन उठतो. दोन दांडगी मुलं बाक उचलतात आणि भिंतीपर्यंत मागे नेऊन ठेवतात.