सार्कॉइडोसिस की क्षयरोग? रक्तातील निर्देशकांची उपयुक्तता आणि मर्यादा

अनेक आठवडे न थांबणारा कोरडा खोकला, थकवा, घटत जाणारे वजन आणि छातीच्या एक्स-रेमध्ये फुफ्फुसांच्या मुळाशी सुजलेल्या लसिका ग्रंथी. भारतात असे चित्र दिसताच पहिला संशय क्षयरोगाचा येतो आणि तो रास्तही आहे, कारण जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण आपल्या देशात आहेत. मात्र सार्कॉइडोसिस या दीर्घकालीन दाहाच्या आजारातही नेमके हेच चित्र दिसू शकते.

हा फरक वेळेत ओळखणे अत्यंत महत्त्वाचे ठरते. क्षयरोगावर किमान काही महिने जंतुनाशक औषधे द्यावी लागतात. सार्कॉइडोसिसमध्ये उपचाराची गरज भासल्यास प्रतिकारशक्तीची अतिरेकी क्रिया शमवणारी स्टेरॉइड औषधे प्रामुख्याने दिली जातात. क्षयरोग न ओळखता केवळ स्टेरॉइड दिल्यास जंतूंना मोकळे रान मिळते. उलटपक्षी, सार्कॉइडोसिसच्या रुग्णाला क्षयरोगाची औषधे दिली गेल्यास मोलाचे महिने वाया जातात आणि यकृतावरील दुष्परिणामांचा धोका विनाकारण ओढवतो.

सार्कॉइडोसिसचे मूळ कारण अद्याप निश्चित झालेले नाही. त्याची प्रक्रिया मात्र बऱ्याच अंशी उलगडली आहे. रोगप्रतिकारक यंत्रणेतील टी-पेशी आणि मॅक्रोफेज या भक्षक पेशी उत्तेजित होऊन एकत्र येतात आणि ग्रॅन्युलोमा नावाच्या सूक्ष्म गाठी तयार होतात. फुफ्फुसे व लसिका ग्रंथींबरोबरच डोळे, त्वचा आणि क्वचित हृदयातही त्या आढळतात.

या उत्तेजित पेशी काही पदार्थ रक्तात सोडतात. टी-पेशी सक्रिय झाली की तिच्या पृष्ठभागावर इंटरल्यूकिन-2 या संदेशवाहक प्रथिनाचे ग्राहक मोठ्या संख्येने उगवतात. त्यांचा काही भाग तुटून रक्तात मिसळतो आणि त्याचे मोजमाप करता येते. टी-पेशींनी स्रवलेल्या इंटरफेरॉन-गॅमाच्या प्रभावाखाली मॅक्रोफेज पेशी निओप्टेरिन हा पदार्थ सोडतात. ग्रॅन्युलोमातील पेशी ‘एसीई’ हे विकरही निर्माण करतात. सार्कॉइडोसिसमध्ये रक्तातील त्याची पातळी वाढते, हे 1975 मध्ये जॅक लिबरमन यांनी दाखवून दिले. तेव्हापासून ही चाचणी जगभर प्रचलित आहे.

मात्र हे निर्देशक पेशी उत्तेजित झाल्याचे सांगतात. त्या कशामुळे उत्तेजित झाल्या, हे सांगत नाहीत. क्षयरोगातही टी-पेशी आणि मॅक्रोफेज सक्रिय होतात आणि ग्रॅन्युलोमा तयार होतात. त्यामुळे इंटरल्यूकिन-2 ग्राहक व निओप्टेरिन यांची पातळी क्षयरोगातही वाढू शकते. लसिका ग्रंथींच्या कर्करोगातही या ग्राहकांचे प्रमाण वाढते. एसीईची पातळी काही क्षयरुग्णांमध्ये तसेच कुष्ठरोग व मधुमेहातही वाढलेली आढळते. शिवाय आनुवंशिक भेदांमुळे निरोगी व्यक्तींमध्येही ती कमी-अधिक असते. रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रामिप्रिल यांसारख्या गोळ्या सुरू असतील, तर ती कृत्रिमरीत्या खालावते. सार्कॉइडोसिसच्या अनेक रुग्णांमध्ये ही पातळी सामान्यच राहते. म्हणूनच केवळ एका आकड्यावरून निदान करणे किंवा आजाराची शक्यता फेटाळणे योग्य नाही.

निदानाची मदार तीन गोष्टींवर असते: सुसंगत लक्षणे व प्रतिमाचित्रे, ऊतीच्या तुकड्याच्या तपासणीत आढळणारे ग्रॅन्युलोमा आणि तशाच दिसणाऱ्या अन्य आजारांना वगळणे. क्षयरोगाच्या ग्रॅन्युलोमामध्ये बहुधा मधला भाग मृत होऊन पनीरासारखा भुसभुशीत झालेला असतो. सार्कॉइडोसिसमध्ये सहसा तसे होत नाही. क्षयजंतूंचा जनुकीय माग काढणाऱ्या सीबीनॅट आणि गोव्यातील मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट या चाचण्या येथे मोलाच्या ठरतात. तथापि, त्यांचा अहवाल नकारार्थी आला म्हणून क्षयरोग नाहीच, असे मानता येत नाही. लसिका ग्रंथींच्या आजारात जंतूंची संख्या अनेकदा अत्यल्प असते.

असे असले तरी रक्तातील निर्देशक निरुपयोगी ठरत नाहीत. निदान पक्के झाल्यावर त्याच रुग्णाच्या पातळीतील चढउतार लक्षणे, एक्स-रे आणि श्वसनक्षमतेच्या चाचणीबरोबर ताडून पाहिल्यास आजाराची सक्रियता समजण्यास मदत होते. स्टेरॉइडमुळे एसीईची पातळी लवकर उतरते, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

रक्तातील कॅल्शियमची साधी चाचणीही तितकीच महत्त्वाची आहे. ग्रॅन्युलोमातील मॅक्रोफेज पेशी शरीराचे नेहमीचे नियंत्रण झुगारून ‘ड’ जीवनसत्त्वाचे सक्रिय रूपांतर करतात. परिणामी काही रुग्णांमध्ये कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. थकवा व अंगदुखीसाठी ‘ड’ जीवनसत्त्वाच्या पुड्या सर्रास घेतल्या जात असताना, या रुग्णांनी त्या वैद्यकीय सल्ल्याविना घेणे धोक्याचे आहे.

सार्कॉइडोसिस अनेक रुग्णांमध्ये उपचारांविना आपोआप ओसरतो. त्यामुळे वाढलेला आकडा दिसला की लगेच औषध, असा नियम नाही. दुसरीकडे, क्षयरोगाची औषधे नियमित घेऊनही अपेक्षित सुधारणा होत नसेल, तर रुग्णाने ती स्वतःहून बंद करू नयेत. औषधांना दाद न देणारा क्षयरोग आहे की निदानच वेगळे आहे, याची फेरतपासणी तज्ज्ञ डॉक्टरांकडून करून घेणे हाच सुरक्षित मार्ग होय.