नाक, हात आणि विश्वास : प्लास्टिक सर्जनची निवड करताना

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात पुण्याकडील एका शस्त्रक्रियेची हकीकत प्रसिद्ध झाली. इंग्रजी फौजेत बैल हाकण्याचे काम करणारा कावसजी नावाचा एक माणूस १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला होता. त्याचे नाक आणि एक हात कापून टाकण्यात आले. वर्षभराहून अधिक काळ त्याने नाकाविना काढला. पुढे पुण्याजवळ राहणाऱ्या, विटा पाडण्याचा व्यवसाय असलेल्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले.

त्याची रीत अशी होती. प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार घेतला. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि भोवती रेघ आखून तेवढी कातडी सोडवली. दोन डोळ्यांच्या मधली चिंचोळी पट्टी मात्र तशीच जोडलेली राखली, कारण नव्या नाकाला रक्त पोहोचणार होते ते त्या पट्टीतूनच. मग कातडी वळवून नाकाच्या जागी बसवली आणि तिच्यावर कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या ठेवल्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी, कातडीने जीव धरल्यावर, ती जोडपट्टी कापली. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. ही हकीकत छापून आल्यानंतर वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने याच पद्धतीने लंडनमध्ये नाक घडवले. ज्या विद्येचे मूळ सुश्रुतसंहितेत सापडते, ती अशा रीतीने पुण्यामार्गे युरोपात पोहोचली.

कावसजीला नाक मिळाले. हात मात्र मिळाला नाही. नाक घडवणाऱ्या त्या कारागिराचे नावही मासिकात आलेले नाही. कावसजीपुढे निवडीला फारसा वाव नसावा. आजच्या रुग्णापुढे मात्र शहरोशहरी पाट्या आहेत, वर्तमानपत्रांत जाहिराती आहेत, आप्तेष्टांचे सल्ले आहेत. नेमक्या याच गर्दीत योग्य हात ओळखणे अवघड होऊन बसते.

रूपापलीकडचे शास्त्र

'प्लास्टिक सर्जरी' या शब्दाचा प्लास्टिक या वस्तूशी काही संबंध नाही. 'घडवणे', 'आकार देणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो आला आहे. पहिल्या महायुद्धात चेहरे छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांवर इंग्लंडमध्ये हॅरल्ड गिलीज यांनी केलेल्या कामातून या शाखेला आधुनिक रूप आले. गिलीज यांच्याकडे शिकलेले डॉ. नोशीर अंतिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हा विभाग उभा केला आणि कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांना पुन्हा कामाला लावण्यासाठी आपले कौशल्य वेचले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये या शाखेचा स्वतंत्र विभाग सुरू केला.

या परंपरेत सौंदर्य हा एक भाग आहे, सर्वस्व नव्हे. भाजल्यामुळे आखडलेली मान सरळ करणे, दुभंगलेले ओठ व टाळू सांधणे, यंत्रात तुटलेले बोट जोडणे, कर्करोगासाठी काढलेल्या जबड्याच्या वा स्तनाच्या जागी नवी रचना करणे, ही सारी याच शाखेची कामे होत. एवढे विस्तृत क्षेत्र एकाच शल्यविशारदाच्या हाती सारख्याच सफाईने असेल, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून 'चांगला प्लास्टिक सर्जन कोण?' या प्रश्नापेक्षा 'या विशिष्ट कामासाठी चांगला कोण?' हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो.

एका हाताचे उदाहरण

तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका नोकरदार कुटुंबाची कल्पना करावी. सहा वर्षांच्या मुलीच्या उजव्या तळहातावर उकळते दूध सांडते. जखम महिन्याभरात भरते आणि घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात. पण पुढल्या दोन-तीन महिन्यांत तिची बोटे हळूहळू आत वळू लागतात. पाटीवर अक्षर गिरवताना पेन्सिल धरवत नाही. व्रणाची त्वचा आकसत जाते आणि कोवळे सांधे तिच्याबरोबर ओढले जातात. ही भाजण्याची नेहमीची पुढची अवस्था आहे. ती आपोआप सुटत नाही.

अशा वेळी एक जण 'डाग पूर्ण नाहीसा करून देऊ' अशी जाहिरात दाखवतो. दुसरा सांगतो, मूल मोठे झाल्यावर बघू. दोन्ही सल्ले धोक्याचे आहेत. शरीरावरचा खोल व्रण पूर्णपणे पुसून टाकणारी शस्त्रक्रिया नाही; तो कमी ठळक, अधिक मऊ आणि हालचालीस मोकळा करता येतो. आणि वाढत्या वयातील हाताला वाट पाहायला लावणे म्हणजे हाडे व सांधे कायमचे वाकडे होऊ देणे. या कुटुंबाने काय करावे, याचा विचार केल्यास निवडीची सारी सूत्रे हाती येतात.

पदवी आणि नोंदणी

पहिली पायरी कागदाची आहे. एम. बी. बी. एस. नंतर सामान्य शल्यचिकित्सेतील एम. एस. आणि त्यानंतर तीन वर्षांची एम. सीएच. (प्लास्टिक सर्जरी) ही पदवी, अथवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची या विषयातील समकक्ष पदवी, हा या शाखेचा रीतसर मार्ग होय. नावापुढील इतर अक्षरे कितीही असोत, या पदवीचा उल्लेख आहे की नाही हे प्रथम पाहावे. 'कॉस्मेटिक सर्जन' हे बिरुद म्हणजे या पदवीचा पर्याय नव्हे. अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले असले, तरी ते काही वर्षांच्या शस्त्रक्रियागृहातील शिक्षणाची जागा घेऊ शकत नाही.

प्रत्येक डॉक्टरची नोंदणी राज्याच्या वैद्यक परिषदेकडे असते. महाराष्ट्रात ती महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे होते. इतर राज्यांत राहणाऱ्यांना त्या त्या राज्याच्या परिषदेकडे चौकशी करता येते. भारतीय वैद्यक परिषदेची जागा २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने घेतली असून आयोगाच्या संकेतस्थळावरही डॉक्टरांची नोंद शोधता येते. बँकेत खाते उघडताना ओळखपत्र मागितले जाते, त्यात कोणाचा अपमान नसतो. तसेच येथेही समजावे.

जाहिरातीबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार जाहिरातबाजी करून रुग्ण मिळवणे अनैतिक मानले आहे. त्यामुळे सवलतीची मुदत सांगणारी, खात्रीचा निकाल देऊ करणारी जाहिरात हा गुणवत्तेचा पुरावा नसून सावधगिरीचा इशारा समजावा.

भेटीत विचारण्याचे प्रश्न

पदवी हा उंबरठा झाला. घर त्यापुढे आहे. पहिल्या भेटीत रुग्णाने अथवा पालकांनी प्रश्न लिहून न्यावेत. ही विशिष्ट शस्त्रक्रिया आपण वर्षातून साधारण किती वेळा करता? अशा रुग्णांची आधीची व नंतरची छायाचित्रे, ओळख उघड न करता, पाहता येतील का? त्यांत केवळ उत्तम नव्हे, तर मध्यम निकालही आहेत का? एका शस्त्रक्रियेत काम होईल की टप्पे लागतील? शस्त्रक्रिया स्वतः आपणच करणार का? भूल कोण देणार? गुंतागुंत उद्भवल्यास रात्री-अपरात्री कोणाशी संपर्क साधायचा, आणि अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का?

वरील मुलीच्या बाबतीत आणखी एक प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे : शस्त्रक्रियेनंतर काय? आखडलेली त्वचा मोकळी करून तेथे दुसरीकडची त्वचा बसवल्यावर निम्मे काम होते. उरलेले निम्मे काम स्प्लिंट, दाब देणारे हातमोजे आणि रोजचा व्यायाम यांचे असते, व ते अनेक महिने चालते. व्रण स्थिरावण्यास वर्ष-दीड वर्ष लागते. मुलीची उंची वाढेल तशी पुन्हा छोटी शस्त्रक्रियाही लागू शकते. हे सारे पहिल्याच भेटीत मोकळेपणाने सांगणारा सर्जन आणि सोबत कुशल फिजिओथेरपिस्ट असलेले रुग्णालय, ही जोडी चकचकीत प्रतीक्षागृहापेक्षा मोलाची ठरते.

उत्तरांइतकेच उत्तर देण्याची पद्धतही लक्षात घ्यावी. प्रश्नांनी त्रासून जाणारा, धोक्यांचा उल्लेख टाळणारा, आजच आगाऊ रक्कम भरण्याचा आग्रह धरणारा तज्ज्ञ टाळलेला बरा. याउलट 'हे काम माझ्यापेक्षा अमुक विभागात अधिक चांगले होईल' असे सांगणारा सर्जन भेटला, तर त्या कुटुंबाने त्याचे आभार मानावेत. दुसरे मत घेणे हा अविश्वास नव्हे. तातडी नसलेल्या शस्त्रक्रियेत तो विवेक होय. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील अनेक प्लास्टिक सर्जरी विभागांत भाजलेले व अपघातग्रस्त रुग्ण रोज येतात, हा अनुभवाचा साठाही विसरू नये.

सही करण्यापूर्वी

संमतिपत्र हा केवळ उपचार नाही. ज्या शस्त्रक्रियेला संमती दिली तिच्याखेरीज वेगळी शस्त्रक्रिया, जीव वाचवण्याची निकड नसताना, परवानगीविना करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या एका निकालात स्पष्ट केले आहे. म्हणून संमतिपत्र समजणाऱ्या भाषेत वाचून घ्यावे, धोके व पर्याय विचारावेत. रुग्णाने मागणी केल्यास वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांच्या आत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ही कागदपत्रे पुढच्या प्रत्येक टप्प्यात लागतात. ती घरी जपून ठेवावीत.

खर्चाचा हिशेब

येथे पुनर्रचना आणि सौंदर्यवर्धन यांतील भेद थेट खिशापर्यंत येतो. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींनुसार केवळ रूप बदलण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळत नाही. परंतु अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना या वगळणुकीतून बाहेर ठेवलेली आहे. जन्मजात व्यंगाबाबत मात्र पॉलिसीनुसार फरक असतो. ती वाचून घ्यावी. विमा कंपनीला द्यावयाच्या पत्रात सर्जनने शस्त्रक्रियेचे कारण व अवयवाच्या कार्यातील अडथळा स्पष्ट लिहिणे अगत्याचे आहे. वस्तू व सेवा कराच्या नियमांतही हाच भेद आहे : जन्मजात दोष वा इजा यांमुळे बिघडलेली शरीररचना किंवा कार्य पूर्ववत करणाऱ्या शस्त्रक्रियेला सूट आहे, निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला नाही.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबांना वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून भाजलेल्यांवरील उपचार व पुनर्रचना शस्त्रक्रिया यांचा तीत समावेश आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. दुभंगलेले ओठ किंवा टाळू असलेल्या बालकांसाठी २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम उपयोगी पडतो. ओठाची शस्त्रक्रिया साधारणत: तिसऱ्या महिन्याच्या सुमारास आणि टाळूची बाळ स्पष्ट बोलू लागण्यापूर्वी, नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात. म्हणून चौकशी जन्मानंतर लगेच सुरू करावी.

अंदाजपत्रक लेखी घ्यावे. त्यात सर्जनचे शुल्क, भूल, रुग्णालय, औषधे, पट्ट्या बदलणे, फिजिओथेरपी आणि पुढचे टप्पे वेगवेगळे दाखवलेले असावेत. केवळ रूपासाठीच्या शस्त्रक्रियेकरिता सुलभ हप्त्यांचे आमिष दाखवले गेले, तर हप्ता परवडतो का, यापूर्वी शस्त्रक्रियेची गरज आहे का, हे ठरवावे.

जेव्हा वेळ नसतो

काही प्रसंगी निवडीला सवड नसते. बोट तुटल्यास ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून बंद पिशवीत ठेवावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. तुटलेला भाग बर्फावर थेट ठेवू नये, नाहीतर तो गोठून निकामी होतो. भाजल्यास अंगठ्या-बांगड्या लगेच काढून तो भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, शाई, हळद वा बर्फ लावू नये. आपल्या जिल्ह्यात सूक्ष्मशस्त्रक्रियेची सोय व भाजलेल्यांसाठीचा विभाग कोणत्या रुग्णालयात आहे, हे कारखान्याच्या आणि घराच्या दूरध्वनी-वहीत आधीच लिहिलेले असावे. संकटाच्या वेळी तीच निवड ठरते.

जानेवारी २०१५ मध्ये कोची येथील अमृता रुग्णालयात भारतातील पहिले हस्तप्रत्यारोपण झाले. दात्याचे दोन्ही हात एका तरुणाला बसवण्यात आले. कावसजीला जे कोणी देऊ शकले नव्हते, ते सव्वादोनशे वर्षांनी याच देशात शक्य झाले. शास्त्र एवढे पुढे आले आहे. मात्र त्याचा लाभ योग्य हातापर्यंत वेळेवर पोहोचणाऱ्यालाच होतो. उदाहरणातील त्या सहा वर्षांच्या मुलीच्या आई-वडिलांनी पदवी पडताळली, चार प्रश्न विचारले, कागद जपले आणि व्यायामाचा कंटाळा केला नाही, तर तिच्या तळहातावर व्रणाची खूण राहील. पण पेन्सिल तिच्या बोटांत नीट बसेल. निवडीचे यश मोजायचे ते एवढ्यावरूनच.