कृष्णा-गोदावरीच्या जंगलातून परतीची वाट

भारतभूमीच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा इतिहास सांगताना बंगळुरूचा उल्लेख टाळता येत नाही. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ मोजलेल्या आधाररेषेवरून त्रिकोणांची साखळी पश्चिमेकडे नेण्यात आली. ती अचूक आहे की नाही, याची कसोटी १८०४ मध्ये बंगळूरजवळ दुसरी आधाररेषा प्रत्यक्ष मोजून घेण्यात आली. ही रेषा सुमारे साडेसात मैलांची होती. गणिताने काढलेली तिची लांबी आणि जमिनीवर मोजलेली लांबी यांत जेमतेम चार इंचांचा फरक निघाला.

या अचूकतेची किंमत मात्र माणसांनी मोजली. १८१९ मध्ये लॅम्बटन यांचे सहायक जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे कृष्णा आणि गोदावरी या नद्यांमधील प्रदेशाचे काम सोपविण्यात आले. काम भर पावसाळ्यात काढण्यामागे कारण होते. उन्हाळ्यात हवेत धूळ व धूसरता असते. पावसाने ती धुऊन निघाली की दूरच्या टेकडीवरील निशाण दुर्बिणीतून स्पष्ट दिसते. परंतु जो काळ निरीक्षणाला अनुकूल, तोच प्रकृतीला सर्वाधिक घातक. नद्यांना पूर, ओढ्यानाल्यांत साचलेले पाणी आणि येल्लापुरमचे घनदाट अरण्य! त्यात निशाणे सांभाळणाऱ्यांना टेकड्यांवर दीर्घकाळ मुक्काम करावा लागे.

अखेर तापाची साथ आली. स्वतः एव्हरेस्ट, पथकातील वैद्य व भूशास्त्रज्ञ हेन्री व्हॉयसी आणि सुमारे दीडशे माणसे अंथरुणाला खिळली. ज्यांनी आजाऱ्यांना उचलावयाचे, तेच आजारी पडल्याने परत फिरणेही कठीण झाले. हैदराबादहून लॅम्बटन यांनी हत्ती, उंट, डोल्या, गाड्या, जे मिळेल ते वाहन पाठविले. तरीही वाटेतच १५ जण दगावले. उरलेले हैदराबादला पोहोचले, तेव्हा ते थडग्यातून नुकतेच बाहेर काढलेल्या प्रेतांसारखे दिसत होते, अशा आशयाचे वर्णन एव्हरेस्ट यांनी करून ठेवले आहे.

राहिलेले काम पुरे करण्यासाठी एव्हरेस्ट १८२० मध्ये पुन्हा त्याच अरण्यात गेले आणि पुन्हा तापाने आडवे झाले. हवापालटासाठी त्यांना केप ऑफ गुड होप येथे जावे लागले. याच वर्षी फ्रान्समध्ये सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळे करण्यात आले, हा एक योगायोग.

हा ताप बहुधा मलेरियाच असावा. त्या काळी मात्र दलदलीची दूषित हवा हेच त्याचे कारण मानले जाई. डासांचे आणि साचलेल्या पाण्याचे नाते रोनाल्ड रॉस या डॉक्टरांच्या ध्यानात आले, ते १८८३ मध्ये बंगळूरच्या छावणीत असताना. बंगल्याजवळच्या भांड्यातील पाणी उपसून टाकताच डास कमी झाले. पुढे १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे त्यांना ॲनोफिलिस डासाच्या जठरात मलेरियाचे परजीवी आढळले. एव्हरेस्ट यांचे पथक जेथे परतले, त्या हैदराबादला लागूनच हे गाव.

लॅम्बटन यांनाही परतीचा प्रवास लाभला नाही. हैदराबादहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. त्यांची कबर तेथेच आहे.