साखरेचा डबा वरच्या फळीवर

मैत्रिणींनो, महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत तुम्ही साखर किती लिहिता? मी सहा किलो लिहीत असे. घरात माणसे पाच : हे, सासूबाई, दोन मुले आणि मी. तूरडाळ महागली की अर्धा किलो कमी व्हायची, तेलाच्या पिशव्या मोजून वापरल्या जायच्या, पण साखरेच्या त्या सहा किलोंकडे वर्षानुवर्षे कोणी वळून पाहिले नव्हते.

पाहायला लावले ते जळगावच्या फोनने. माझ्या आईला चप्पल चावली होती. एवढीशी जखम! पण आई बारा वर्षांची डायबेटिसची पेशंट, पाय बधिर झालेले, त्यामुळे तिला काही दुखलेच नाही. आठवड्याने पायाला वास येऊ लागला तेव्हा घरात कळले. डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. त्या दोन महिन्यांत धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव असे एसटीचे हेलपाटे मी किती घातले, त्याची मोजदाद नाही. अशाच एका फेरीत भाऊ म्हणाला, "ताई, तूही एकदा तपासून घे ना."

धाकटीच्या वेळी गरोदरपणात माझी साखर वाढली होती. बाळंतपणानंतर ती उतरली आणि मी विसरून गेले. ज्या बायकांना असे होते त्यांना पुढे डायबेटिसचा धोका बराच जास्त असतो, म्हणून अधूनमधून तपासणी करावी, हे मला सांगितलेलेही होते. पण मुलांच्या शाळा, माझी अर्ध्या दिवसाची नोकरी... सात वर्षे मी गेलेच नाही. आता गेले, तर उपाशीपोटीची साखर ११८. ती शंभराच्या आत हवी, आणि १२६ पासून पुढे डायबेटिस म्हणतात. म्हणजे मी अगदी उंबरठ्यावर उभी!

घरी आले ती तशीच स्वयंपाकघरात शिरले आणि साखरेचा डबा शेजारी नेऊन रिकामा केला. हा वेडेपणा तुम्ही मुळीच करू नका. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी चहाचा पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "हाऊ काय चहा शे व?" एवढेच म्हणाल्या, पण दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. हे काही बोलले नाहीत, मात्र ऑफिसला पंधरा मिनिटे लवकर निघू लागले. कोपऱ्यावरच्या टपरीतला चहा किती गोड असतो ते सांगायला नकोच. आठवड्याने पुरणासाठी डाळ काढायला गेले, तर हरभऱ्याच्या डाळीत साखरेची पुडी!

मग मी गुळाकडे वळले. गूळ म्हणजे औषधी, गूळ म्हणजे आपला, असे म्हणत दोन महिने स्वतःवर खूश होते. चहा दोनदा फाटला ते वेगळेच. डॉक्टरीणबाई हसल्या. गुळात थोडे लोह, थोडे क्षार असतात हे खरे, पण त्याचा बहुतेक भाग साखरच. मधाचेही तेच. आणि चहात टाकायच्या त्या छोट्या गोड गोळ्या? वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांच्यावर भिस्त ठेवू नका, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला आहे. (ज्यांना आधीपासून डायबेटिस आहे त्यांच्यासाठी तो सल्ला नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे.) माझे म्हणाल तर, गोळीने जिभेची खोड मुळी जातच नाही.

शेवटी वही-पेन्सिल घेऊन बसले. सहा किलो म्हणजे दिवसाला दोनशे ग्रॅम, म्हणजे माणशी चाळीस. चहाचा सपाट चमचा पाच ग्रॅमचा धरला तर आठ चमचे! याच संघटनेने २०१५ मध्ये सांगितले होते, की मोठ्या माणसाच्या पोटात वरून घातलेली साखर, म्हणजे साखर, गूळ, मध, फळांचे रससुद्धा, साधारण पन्नास ग्रॅमच्या आत असावी, आणि पंचवीसवर आणता आली तर अधिक बरे. अख्खे फळ आणि दुधातली स्वतःची साखर यात धरत नाहीत. आमचे चाळीस तर निव्वळ घरच्या डब्यातले होते. बिस्किटे, टोस्ट, उसाचा रस वेगळाच.

आणि ते चाळीस जात कुठे होते? आपल्या खान्देशी जेवणात साखर असते कुठे, सांगा बरं? भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी, फुणके-कढी... आमटीत गुळाचा खडा टाकायची रीतसुद्धा आमच्या घरात नाही. मग कळले, सगळा चोर कपात बसलेला! मीच दिवसातून चार कप घेत होते, दर कपात दोन चमचे. आठ चमचे तिथेच भरले.

यावेळी घाई केली नाही. घरात कोणाला सांगितलेही नाही. पातेल्यात टाकायची साखर दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करत गेले, आले ठेचून जास्त घातले, कधी गवती चहा, कधी वेलदोडा. तीन महिने सासूबाईंना पत्ता लागला नाही. लागला तो गंमतीने. नणंदेकडे गेल्या आणि परत आल्यावर म्हणाल्या, "तिच्याकडचा चहा घशाखाली उतरेना, नुसता पाक!" मी मान खाली घालून भाकरी थापत राहिले.

पाहुण्यांचा प्रश्न अवघड होता. विहीणबाई आल्या आणि फिका चहा दिला, तर "साखर परवडत नाही का?" म्हणायचे. आता ट्रेमध्ये साखरेची वाटी आणि चमचा वेगळा ठेवते. ज्याने त्याने हवी तेवढी घ्यावी. बहुतेक जण एकच चमचा घेतात. माझ्याच हाताने घालत असे तेव्हा दोन घालत होते!

मुलांच्या बाबतीत मी थोडी कडक आहे. पुड्यामागचे बारीक अक्षर वाचायची सवय लावली. जो घटक वजनाने जास्त तो यादीत आधी लिहितात. 'लिक्विड ग्लुकोज', 'इन्व्हर्ट सिरप' ही साखरेचीच टोपणनावे. दुधात घालायच्या पावडरींना 'हेल्थ ड्रिंक'च्या सदरात ठेवू नका, असे केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना कळवले, तेव्हा आमच्या घरातला तो वाद मिटला. २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले. माझी शाळा त्या बोर्डाची नाही, पण सातवीच्या मुलांकडून मी तसा एक फलक करून घेतला. कोल्ड्रिंकच्या अडीचशे मिलिलिटरच्या बाटलीत पंचवीसच्या वर ग्रॅम निघाले. तेवढी साखर पिशवीत भरून शेजारी टांगली. मुले ती हातात घेऊन पाहत होती. घरी मधल्या वेळेला आता केळे असते. जळगावच्या पिकल्या केळ्याच्या शिकरणात साखर घालायची गरजच काय? उन्हाळ्यात जिरेपूड घातलेला मठ्ठा.

दोन गोष्टी मात्र आवर्जून सांगते. घरात कोणी डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाण्यात मोठा बदल करू नका. साखर एकदम उतरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, तर तेव्हा साखरच द्यावी लागते. आणि मुलांना जुलाब झाले तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, यात काटकसर करायची नाही. म्हणून आमचा डबा आता वरच्या फळीवर आहे, रिकामा नाही.

यादीत हल्ली दोन किलो लिहिते. वर्षाने माझी साखर १०४ आली. सगळे श्रेय चहाला देत नाही. भात एका वाटीवर आणला आणि पांझरेच्या काठाने रोज चालतेही. शंभराच्या आत अजून आलेली नाही.

यंदा आखाजीला माहेरी गेले होते. आईने खापरावरची पुरणपोळी केली होती, तीही खुर्चीवर बसून, कारण पाय अजून फार वेळ उभे राहू देत नाही. मी अख्खी पोळी खाल्ली, आमरसाच्या वाटीसकट. रसात मात्र साखर नव्हती, आंबाच गोड होता. आईने चतकोर घेतली. संध्याकाळी तिने दोन कप चहा आणला, आणि साखरेचा चमचा माझ्यासमोर धरून नुसते माझ्याकडे पाहिले. मी तो परत डब्यात ठेवला.