अल्लादीनच्या गुहेतला पियानो

पियानो कॉन्चेर्टो म्हणजे काय, हे थोडक्यात सांगता येतं: एक पियानो, मागे साठ-सत्तर वादकांचा ऑर्केस्ट्रा, आणि अर्ध्या-पाऊण तासाची चढाओढ. ग्रीगचा कॉन्चेर्टो अर्ध्या तासात आटपतो. रखमानिनॉव्हचा तिसरा, ज्याच्या नावाने भलेभले पियानिस्ट घाम पुसतात, तोही चाळीसेक मिनिटांत संपतो. आता हे ऐका. १० नोव्हेंबर १९०४ रोजी बर्लिनच्या बीथोव्हेन-झाल या सभागृहात एक कॉन्चेर्टो वाजला, तो तब्बल सत्तर मिनिटांचा होता. नेहमीचे तीन भाग सोडून त्याला पाच भाग होते. आणि पाचव्या भागात, सगळं आता संपत आलं असं वाटत असताना, पुरुषांचा गायकवृंद गाऊ लागला!

पियानोवर होते स्वतः रचनाकार, फेरुच्चो बुसोनी. बर्लिन फिलहार्मोनिकचं संचालन करत होते कार्ल मुक. श्रोते गोंधळले, समीक्षकांनी नाकं मुरडली, आणि ही रचना त्या दिवसापासून जी अडगळीत गेली, ती अजून पुरती बाहेर आलेली नाही.

का बरं? वाईट आहे म्हणून? छे! तिच्यासारखं दुसरं काही या वाद्यासाठी कोणी लिहिलेलंच नाही.

सुरुवातच बघा. पियानिस्ट येतो, वाकून नमस्कार करतो, स्टुलावर बसतो आणि गप्प राहतो. तंतुवाद्यं सावकाश, शांत, रुंद सुरावट उलगडतात. एक मिनिट जातं, दोन जातात. ऑर्केस्ट्रा हळूहळू फुगत जातो. सुमारे चार मिनिटं हा मनुष्य मांडीवर हात ठेवून बसलेला. मग एकदम दोन्ही हात खाली येतात आणि पियानोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धिप्पाड स्वरसंघातांची भिंतच उभी राहते. वाटतं, आला नायक!

आणि इथेच बुसोनी आपल्याला चकवतात. नायक आला खरा, पण धून त्याच्याकडे येतच नाही. ती व्हायोलिनांकडे जाते, शिंगांकडे जाते, बासरीकडे जाते. पियानो त्यांच्याभोवती स्वरांचे लोटच्या लोट सोडत राहतो. मैफलीच्या मुख्य गवयानेच रात्रभर इतरांना पेटीची साथ करावी, आणि ती साथ गाण्यापेक्षा दसपट अवघड असावी, असा हा प्रकार आहे. बोटं मोडतील इतके स्वर वाजवायचे, आणि वाजवून ऑर्केस्ट्रात विरघळवून टाकायचे. टाळ्या मिळवायला आलेल्या वादकाने याच्या वाटेला जाऊ नये हेच बरं.

असं उफराटं काही सुचणारा माणूस कोण होता? बुसोनी १८६६ साली इटलीत, फ्लॉरेन्सजवळच्या एम्पोली गावात जन्मले. वडील क्लॅरिनेट वाजवायचे. पियानिस्ट असलेल्या आईच्या रक्तात जर्मन अंश होता. मुलाच्या नावात फेरुच्चोच्या जोडीला दान्ते, मायकेलअँजेलो आणि बेन्वेनुतो ही तिन्ही नावं घातलेली. म्हणजे अपेक्षांचं ओझं बारशालाच चढलं म्हणायचं! पुढे ते बर्लिनला स्थायिक झाले. बाखच्या रचना पियानोसाठी बांधल्या म्हणून आजही कार्यक्रमपत्रिकांवर ‘बाख–बुसोनी’ असं जोडनाव दिसतं. इटलीचं ऊन आणि जर्मनीची वास्तुशिस्त, दोन्ही त्यांच्यात मुक्कामाला होती.

हा कॉन्चेर्टो त्या दोन्हींचा नकाशाच आहे. अगदी शब्दशः नकाशा! रचना घडत असताना बुसोनींनी पत्नी गेर्डा यांना पत्रातून एक चित्र काढून पाठवलं. त्यात तीन इमारती आहेत: एक ग्रीक-रोमन धाटणीची, एक इजिप्शियन, एक बाबिलोनी. हे झाले पहिला, तिसरा आणि पाचवा भाग. इमारतींच्या मधल्या जागांत निसर्ग: एकीकडे जादूचं फूल आणि पक्षी, दुसरीकडे धुमसणारा व्हेसुव्हियस ज्वालामुखी आणि सुरूची झाडं. हे दुसरा आणि चौथा भाग. पुढे हाइनरिख फोगेलर या चित्रकाराने याच कल्पनेवरून छापील स्वरलिपीचं मुखपृष्ठ केलं. सत्तर मिनिटांच्या संगीताचा आराखडा एका कागदावर आधीच डोळ्यांसमोर मांडणारा संगीतकार तुम्ही पाहिला आहे?

तिसऱ्या भागाची इमारत सगळ्यांत अजस्र. हा एकटाच वीस मिनिटांच्या पुढे जातो, म्हणजे ग्रीगच्या अख्ख्या कॉन्चेर्टोच्या जवळपास. काळोखातून सुरू होतो, चढत चढत अशा जागी पोचतो की पियानो आणि ऑर्केस्ट्रा दोघेही पूर्ण ताकदीने गर्जतात, आणि मग तितक्याच सावकाशीने खाली उतरतो. खरं सांगायचं तर पहिल्यांदा ऐकताना इथे दम लागतो. लागू द्यावा.

कारण पुढच्याच क्षणी दार उघडतं आणि आपण नेपल्सच्या गल्लीत! चौथा भाग म्हणजे टारांटेला, दक्षिण इटलीचा गरगरता लोकनाच. रस्त्यावरची गाणी कानावर येतात, इटालियन शिपायांच्या गाण्याची चाल मध्येच घुसते, एक सूर दुसऱ्याला ढकलतो, वेग वाढतच जातो. जर्मन गांभीर्याने बांधलेल्या मंदिरांच्या मधोमध ही जत्रा! गर्दी टिपेला पोचली की ऑर्केस्ट्रा बाजूला होतो आणि पियानोला अखेर एकट्याला मैदान मिळतं. तासभर राबल्यानंतर मिळालेली ही एकल जागा पियानिस्ट कशी वाजवतो, त्यावरून त्याची पारख होते.

आणि मग ते गायक. ते गातात तरी काय? ही कथा कॉन्चेर्टोइतकीच अचाट आहे. अल्लादीनची गोष्ट १७०९ साली अलेप्पोहून पॅरिसला आलेल्या हन्ना दियाब नावाच्या माणसाने आंत्वान गालाँ या फ्रेंच विद्वानाला सांगितली. गालाँने ती ‘अरेबियन नाइट्स’च्या आपल्या भाषांतरात घातली. शंभरेक वर्षांनी डॅनिश कवी ओलेनश्लेगर यांनी तिचं काव्यनाट्य केलं आणि पुढे स्वतःच ते जर्मनमध्ये आणलं. त्या जर्मन नाटकात शेवटी जादूच्या गुहेतले दगडी खांब खोल, हलक्या आवाजात गाऊ लागतात. गाणं कसलं, तर अल्लाच्या स्तुतीचं. इटालियन संगीतकाराने ते उचललं, आणि १९०४ साली ते म्हणायला उभा राहिला कोण? कैसर विल्हेल्म स्मारक चर्चचा गायकवृंद!

शिवाय बुसोनींची अट अशी की गायक दिसता कामा नयेत. दगडाला कंठ फुटावा तसा तो आवाज कुठून येतोय ते श्रोत्याला कळू नये. सहा वेगवेगळ्या स्वरओळींत विभागलेले ते पुरुषी स्वर येतात, तेव्हा पहिल्या भागातलं संगीतही परत येतं, आणि पियानो पुन्हा मागे सरतो.

आता आयोजकाच्या जागी बसून विचार करा. मोठा ऑर्केस्ट्रा, त्याच्या जादा तालमी, शेवटच्या काही मिनिटांसाठी अख्खा गायकवृंद, आणि हे सगळं वाजवू शकणारा पियानिस्ट. तेवढ्या खर्चात चायकोव्हस्की लावला तर सभागृह हमखास भरतं. बॉस्टन सिम्फनीने ही रचना २०१७ साली पियानिस्ट किरिल गेर्श्टाइनसोबत पहिल्यांदा वाजवली, तेव्हा तिला शंभरहून अधिक वर्षं झाली होती.

ती जिवंत राहिली ती काही वेड्यांमुळे. पहिला मान बुसोनींचे शिष्य एगॉन पेट्री यांचा. १९४८ साली लंडनमध्ये नोएल म्यूटन-वुड या ऐन पंचविशीतल्या ऑस्ट्रेलियन वादकाने संचालक टॉमस बीचम यांच्याबरोबर ती वाजवली. पण जगाला तिची खरी ओळख झाली जॉन ऑग्डनमुळे. १९६२ साली मॉस्कोच्या चायकोव्हस्की स्पर्धेत अश्केनाझींसोबत पहिला क्रमांक वाटून घेतलेला हा आडदांड, अबोल इंग्रज पेट्रींकडे शिकलेला. १९६७ साली त्याने ती ध्वनिमुद्रित केली. संचालक डॅनियल रेव्हनॉ हेही पेट्रींचेच विद्यार्थी. ऑग्डन वाजवतो तेव्हा कुठेतरी आत ज्वालामुखी खदखदतोय याचा विसर पडत नाही. काही स्वर निसटतात. मला त्याचं काही वाटत नाही.

नंतर गॅरिक ओल्सन आले. १९६६ साली त्यांनी जिंकलेल्या स्पर्धेला बुसोनींचंच नाव आहे. क्लीव्हलंडच्या ऑर्केस्ट्राबरोबर ते ही रचना एखाद्या सिम्फनीसारखी ऐसपैस वाजवतात. आणि मार्क-आंद्रे हॅमलिन! १९९९ सालच्या त्यांच्या मुद्रणात, मार्क एल्डर यांच्या संचालनाखाली, प्रत्येक स्वर काचेसारखा स्वच्छ. इतरांच्या हातून धुरळा उडतो तिथे हॅमलिन धुळीचा कण न् कण मोजून दाखवतात.

या गोष्टीत मुंबईचाही एक धागा आहे. कैखुश्रू शापूरजी सोराबजी हे संगीतकार इंग्लंडमध्ये जन्मले, पण त्यांचे वडील मुंबईचे पारशी अभियंता. १९१९ साली तरुण सोराबजींनी आपली पियानो सोनाटा प्रत्यक्ष बुसोनींना वाजवून दाखवली, आणि बुसोनींनी त्यांना शिफारसपत्र दिलं. पुढे सोराबजींनी ‘ओपुस क्लाव्हिचेम्बालिस्टिकुम’ ही एकट्या पियानोची चार तासांहून लांब रचना लिहिली, तिच्यामागे बुसोनींचीच प्रेरणा. ती ध्वनिमुद्रित कोणी करावी? पुन्हा ऑग्डननेच.

ऐकायला बसणार असाल तर क्रम पाळायची सक्ती नाही. आधी ऑग्डनचा चौथा भाग लावा, बारा-तेरा मिनिटांचं काम आहे. तो आवडला तर सुटीच्या दिवशी हॅमलिनचं पूर्ण मुद्रण घ्या, आणि पाचवा भाग सुरू होताना आवाज थोडा वाढवून ठेवा, कारण दगडी खांब अगदी हळू गायला लागतात.