मोठी संख्या आणि तिचे विभाजक

संख्या मोठी असली की तिचे विभाजक (तिला निःशेष भागणाऱ्या संख्या) जास्त असतात, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात विभाजकांची संख्या आकारावर नव्हे, मूळ अवयवांवर (ज्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून ती बनते त्यांच्यावर) अवलंबून असते.

चाळीच्या चौकात १२ खुर्च्या ३ किंवा ४ समान रांगांत मांडता येतात. १३ खुर्च्यांची मात्र एकच सरळ रांग होते किंवा एकामागे एक अशा तेरा. एक खुर्ची वाढली, पण मांडणीचे पर्याय घटले.

श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या पुढाकाराने १९७२ मध्ये सुरू झालेले पिनकोड पूर्ण संख्या म्हणून वाचले, तर हेच दिसते. गिरगावचा ४००००४ म्हणजे २×२×११×९०९१, विभाजक १२. परळ-लालबागचा ४०००१२ आठने मोठा, पण तो २×२×१००००३. विभाजक ६ च. यातील १००००३ ही सर्वांत लहान सहा अंकी मूळ संख्या आहे. दादर पूर्वेचा ४०००१४ म्हणजे २×३×३×७१×३१३. विभाजक तब्बल २४.

४०००१४ च्या अंकांची बेरीज ९ असून तिने ही संख्या निःशेष भागली जाते. अशा संख्यांना देवळालीचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी ‘हर्षद’ (आनंद देणारी) हे नाव दिले. गिरगाव आणि परळच्या संख्यांत हा गुण नाही. शेजारच्या दोन संख्यांचे गुणधर्मही असे पूर्णपणे वेगळे असू शकतात.